चार दिवसांचा पाऊस

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला घाटघर नावाचं गाव आहे. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात, म्हणजे नगरला (आताच्या अहिल्यानगरला), वर्षभरात सहाशे मिलिमीटरही पुरता भरत नाही. पारनेर-पाथर्डीकडे पावसाने ओढ दिली की जुलैतही टँकरची वाट बघावी लागते, आणि त्याच वेळी घाटघर-रतनवाडीत आठ-आठ दिवस सूर्याचं दर्शन होत नाही. एकाच जिल्ह्यात हे दोन टोकांचे पावसाळे नांदतात. त्यातल्या ओल्या टोकाला महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) आहे. हरिश्चंद्रगड, रतनगड, अलंग-मदन-कुलंग हे किल्ले तिथेच आहेत आणि सांदण दरीही तिथेच आहे. पावसाळी भटकंतीसाठी पुण्या-मुंबईहून सगळ्यात जास्त पावलं ज्या भागाकडे वळतात, त्यातला हा एक.

या डोंगरांत बर्फ पडत नाही. तरी हिमालयात हिमस्खलनाचा अंदाज जसा बांधतात, तसा इथल्या दरडींचा, ओढ्यांचा आणि धुक्याचा अंदाज बांधता येतो. त्याची पद्धत या प्रकरणात सांगायची आहे. तिचा गाभा एवढाच की डोंगरातला धोका आपण पोहोचल्यावर जन्माला येत नाही. तो आधीचे तीन-चार दिवस तयार होत असतो. आज आकाश कसं आहे, हे सगळेच बघतात. मागच्या चार दिवसांत काय पडलं, हे फार थोडे बघतात.

कड्याला अडलेली हवा

अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा कोकणची पट्टी ओलांडून सह्याद्रीला भिडते. इथे सह्याद्री चढत चढत येत नाही, तो एकदम उभा राहतो. हवेला बाजूला सरायला जागा नसते, तिला वर चढावंच लागतं. उंची वाढली की तापमान उतरतं, ढोबळमानाने हजार मीटरला साडेसहा अंश. थंड हवेत बाष्प मावत नाही, त्याचे थेंब होतात आणि सगळा पाऊस घाटमाथ्यावर कोसळतो. कडा ओलांडून पूर्वेकडे उतरणारी हवा पुन्हा तापते आणि कोरडी होत जाते. घाटघर आणि नगर यांच्यातला फरक तिथून येतो.

भटक्यासाठी याचा पहिला अर्थ असा, की जिल्ह्याच्या नावाने आलेला अंदाज इथे पुरत नाही. जिल्ह्यासाठी 'हलका ते मध्यम' असं म्हटलेलं असताना कुलंगच्या माथ्यावर धुवांधार चालू असू शकतो. हवामान खात्याच्या इशाऱ्यांत नाशिक आणि पुण्याचा घाटमाथा वेगळा दाखवतात. अकोल्याचे डोंगर या दोहोंच्या मधे आहेत, म्हणून ते दोन्ही इशारे वाचावेत आणि त्यांतला जो अधिक गंभीर असेल तो आपला मानावा.

या इशाऱ्यांतल्या शब्दांना ठरलेली मापं आहेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार' आणि २०४.५ च्या पुढे 'अत्यंत जोरदार' पाऊस. हे चोवीस तास मोजले जातात सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. म्हणजे शनिवारी सकाळी जो आकडा जाहीर होतो, तो जवळजवळ सगळा शुक्रवारचा आणि शुक्रवारच्या रात्रीचा पाऊस असतो. आपण शनिवारी पायथ्याला उतरतो तेव्हा तो पाऊस डोंगरात मुरलेला असतो किंवा मुरत असतो.

बर्फ आणि माती

हिमालयात उतारावर बर्फ थरांनी साचतो. प्रत्येक हिमवृष्टीचा थर वेगळा. त्यांपैकी एखादा थर भुसभुशीत राहतो आणि वरच्या थरांना धरून ठेवू शकत नाही. त्यावर नव्या बर्फाचं ओझं वाढत गेलं, की एका क्षणी वरचा सगळा पापुद्रा सुटतो. माणसाच्या पावलाचा भारही त्याला निमित्त पुरतो. असे पापुद्रे बहुतेक करून तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवरून सुटतात. त्याहून सपाट जागी बर्फ घसरत नाही आणि त्याहून उभ्या जागी तो साचून राहत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात 'द्रौपदी का डांडा-२' या शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षण तुकडीवर असंच हिमस्खलन आलं आणि दोन डझनांहून अधिक गिर्यारोहकांचा जीव गेला. ती मंडळी शिक्षण घेत होती, सोबत अनुभवी प्रशिक्षक होते. अनुभव असला म्हणजे उतार सुटत नाही, असं नसतं.

उतार, कच्चा थर आणि वाढलेलं ओझं या तिन्ही गोष्टी सह्याद्रीतही आहेत. हा सगळा डोंगर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे. काळ्या कातळाचे जाड थर आणि त्यांच्या मधे काही ठिकाणी तांबड्या मातकट दगडाचे पातळ पट्टे. कड्याकडे दुरून पाहिलं तर हे पट्टे डोळ्यांना सहज दिसतात. कातळाला उभ्या भेगा असतात. पाणी भेगांतून खाली झिरपतं, तांबड्या थराशी अडतं आणि आडवं पसरतं. कड्याच्या पायथ्याशी वर्षानुवर्षं पडलेला मुरूम, माती आणि दगडगोटे यांचा उतार तयार झालेला असतो. त्याच उतारावर वाड्या वसलेल्या असतात, भातखाचरं असतात, आणि किल्ल्याची वाटही तिथूनच जाते.

सततधार लागली की या मातीच्या कणाकणांमधली हवा निघून जाते आणि तिथे पाणी भरतं. पाण्याने दोन कामं एकदम होतात: मातीचं वजन वाढतं आणि कणांची एकमेकांवरची पकड सैल होते. एका दिवसाच्या पावसाने हे सहसा होत नाही. ओझं दिवसागणिक चढत जातं.

३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं आणि १५१ माणसं मृत्युमुखी पडली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला समोर गावच दिसेना, तेव्हा बातमी बाहेर पोहोचली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या पोटाशी असलेली इर्शाळवाडी गाडली गेली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, मदतीला जाणाऱ्यांना रात्रीच्या पावसात डोंगर चढून जावं लागलं. त्या भागात १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस पडल्याचं सरकारने विधिमंडळात सांगितलं. नगर शहराला जो पाऊस पुरा व्हायला जवळजवळ वर्ष लागतं, तो तिथे तीन दिवसांत उतरला होता. इर्शाळगड हा ट्रेकरांच्या रोजच्या ओळखीचा किल्ला. ती वाट त्या आठवड्यात कोणीही चढू शकलं असतं.

किती पावसाने दरड सुटते, याचा एकच आकडा सगळ्या डोंगरांना लावता येत नाही. मातीची जाडी, उताराचा कोन, वरची झाडी, भातखाचरांसाठी केलेली खोदाई, रस्त्यासाठी तोडलेला पायथा, या सगळ्यांवर ते ठरतं. दिशा मात्र स्पष्ट आहे. तीन-चार दिवसांची बेरीज जितकी मोठी, तितका उतार सुटण्याच्या जवळ.

धरणाचे आकडे

अकोल्याच्या बाबतीत ही बेरीज करणं फार सोपं आहे, आणि त्याचं श्रेय भंडारदरा धरणाला जातं. प्रवरा नदी रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि तिच्यावरचं हे धरण १९२६ साली पूर्ण झालं. खालच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याचं वर्ष या धरणाच्या पाण्यावर चालतं. त्यामुळे पावसाळ्यात नगर जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत घाटघर, रतनवाडी, पांजरे, वाकी, भंडारदरा अशा ठिकाणचा पाऊस छापून येतो. धरण कधी भरेल याचा हिशेब श्रीरामपूर-राहात्याचा शेतकरी ज्या आकड्यांवरून मांडतो, त्याच आकड्यांवरून भटक्याने आपला ट्रेक मांडावा. राज्याच्या 'महावेध' प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रंही महसूल मंडळांत आहेत, त्यांच्या नोंदीही उपयोगी पडतात.

रतनगडावर शनिवारी जायचं आहे असं समजा. मंगळवार ते शुक्रवार रतनवाडीचा आकडा रोज वहीत टिपायचा. चारही दिवस जोरदार पाऊस झाला असेल आणि शनिवारी उघडीप पडली असेल, तर त्या उघडिपीला भुलायचं नाही. पाऊस थांबला तरी भेगांतलं पाणी लगेच थांबत नाही. ते आतल्या आत उतरत राहतं, आणि दगड सुटतात ते ऊन पडल्यावरही. अशा शनिवारी रतनवाडीतलं अमृतेश्वराचं मंदिर पाहावं, पठारावरच्या उघड्या वाटेने फिरावं, पण कड्याच्या पोटातून जाणारी नाळ, घळ किंवा घसाऱ्याची वाट टाळावी.

वाटेवर असताना डोंगर स्वतःही काही सांगतो. गवताळ उतारावर आडवी ताजी भेग दिसते, तिच्यात बोट जातं आणि आतली माती ओली, धारदार कडांची असते. सरळ वाढलेली झाडं एकाच बाजूला झुकलेली दिसतात. नेहमी निवळ वाहणारा झरा एकदम गढूळ होतो, किंवा भर पावसात आटतो. वरून अधूनमधून लहान खडे घरंगळत येतात. यातली एकही खूण दिसली तर तिथे थांबून फोटो काढत बसायचं नाही. उताराच्या रेषेतून बाजूला, एखाद्या सोंडेवर निघून जायचं, आणि खालच्या वाडीत जाऊन ते सांगायचं.

सांदणचं पाणी

साम्रद गावाजवळची सांदण दरी म्हणजे कातळाला पडलेली एक प्रचंड भेग. लांबी सुमारे दोन किलोमीटर, दोन्ही बाजूंना दोनशे-तीनशे फुटांच्या भिंती, आणि काही ठिकाणी रुंदी जेमतेम तीन-चार फूट. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात माणसं तिच्यातून चालतात, पुढे दोराने कातळटप्पे उतरून कोकणात पोहोचतात. तळाला घराएवढे दगड एकमेकांवर रचल्यासारखे पडलेले आहेत. ते तिथे कशाने आले आणि त्यांच्या कडा कशाने घासल्या गेल्या, याचा विचार केला तर पावसाळ्यात ही जागा काय होते ते समजतं.

थोडा हिशेब करू. अशा एखाद्या दरीच्या वरचा एक चौरस किलोमीटर भाग घ्या. त्यावर एका तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होतं ५० हजार घनमीटर, म्हणजे पाच कोटी लिटर. दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर. यातलं अर्धंच पाणी त्या तासात दरीत उतरलं असं धरलं, तरी दर सेकंदाला जवळजवळ सात टन पाणी त्या चिंचोळ्या भेगेतून जातं. चार फूट रुंदीत त्याला पसरायला जागा नसते, म्हणून ते उंच चढतं. माणसाला वर चढायला वाट नसते.

सांदणमध्ये उभं राहिल्यावर आकाशाची एक पट्टी दिसते. ती निळी असली म्हणून वरचा पाणलोट कोरडा असेलच असं नाही. एप्रिल-मेच्या दुपारी वळवाचा ढग पाच-सहा किलोमीटरवर बरसतो आणि दरीत त्याचा आवाजही येत नाही. म्हणून पूर्वमोसमी दिवसांत दरीचा अरुंद भाग सकाळीच पार करायचा आणि दुपारनंतर तिथे नसायचं. जून ते ऑक्टोबर तिथे पाऊल टाकायचं नाही. वनखातं पावसाळ्यात ही दरी बंद करतं, ते याचसाठी.

ओढ्यांनाही हेच लागू. पाचनईहून हरिश्चंद्रगडावर जाताना वाट कड्याखालून आणि ओढ्यांवरून जाते. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारच्या दोन जोरदार सरींनंतर मांडीपर्यंत येऊ शकतं. पाणी चढण्याआधी त्याचा रंग बदलतो, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागतात, आवाज जड होतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण काही क्षणांत वाहून गेले. वेगाने वाहणाऱ्या पाण्यात गुडघ्याच्या वर कोणी टिकत नाही, मग तो पट्टीचा पोहणारा का असेना. ओढा अडला तर अलीकडेच थांबायचं. डोंगरातला ओढा जसा झपाट्याने चढतो तसा पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतोही. तेवढे तास काढण्यासाठी सॅकमध्ये खाणं आणि कोरडे कपडे हवेत.

वीस अंशांतली थंडी

ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला पुण्याच्या तरुणांचा एक गट हरिश्चंद्रगडावर पावसात आणि धुक्यात वाट चुकला. रात्र उघड्यावर काढावी लागली आणि त्यांच्यातल्या एकाचा थंडीने मृत्यू झाला. थंडीने माणूस जातो तो लडाखला, अशी आपली समजूत असते. ऑगस्टमध्ये गडावर तापमान वीस अंशांच्या आगेमागे असतं. तरी हे घडतं, आणि ते कसं घडतं हे प्रत्येक भटक्याला माहीत असायला हवं.

कोरड्या कपड्यांत अडकलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते. कपडे भिजले की तिथे पाणी भरतं, आणि पाणी हवेच्या कितीतरी पट वेगाने उष्णता ओढून नेतं. त्यावर वारा आला की बाष्पीभवन वाढतं आणि शरीर आणखी निवतं. दिवसभराच्या चढणीने पोटातलं खाणं संपलेलं असतं, म्हणजे आतली भट्टीही मंद झालेली असते. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हुडहुडी भरते, बोबडी वळते, बुटाची लेस बांधता येत नाही, माणूस चिडचिडा होतो किंवा गप्प बसतो. पुढे हुडहुडी थांबते. बरोबरच्यांना वाटतं की बरं वाटायला लागलं, पण हीच सर्वांत वाईट खूण.

अशा माणसाला वाऱ्याच्या आडोशाला न्यावं, ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत, डोकं झाकावं, खाली सॅक-चटई टाकून जमिनीपासून तोडावं, आणि शुद्धीत असेल तर गोड गरम पाणी किंवा गूळ द्यावा. हात-पाय जोरात चोळू नयेत आणि दारू मुळीच देऊ नये, तिने शरीरातली ऊब उलट बाहेर पडते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा जोड ही या डोंगरातली सर्वांत मोलाची वस्तू आहे, आणि तो मुक्कामी पोहोचेपर्यंत घालायचा नसतो.

धुकं हे या सगळ्याचं दार. हरिश्चंद्रगडाचं पठार विस्तीर्ण आहे, ढोरवाटा शेकड्याने आहेत, आणि ढग उतरला की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. अशा वेळी गडाच्या कोकणकड्याकडे जाणं म्हणजे धार कुठे संपते हे न कळता तिच्याकडे चालणं. त्या कड्यावर वारा खालून वर येतो, पावसाचे थेंब हनुवटीखालून तोंडावर आदळतात. मागून ऊन आणि समोर दरीत धुकं असा योग आला तर तिथे इंद्रवज्र दिसतं. दख्खनच्या हवामानाचा अभ्यास करणाऱ्या कर्नल साइक्सने या वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद एकोणिसाव्या शतकात केली. ते पाहायला जरूर जावं, पण कडेपासून मागे, पोटावर आडवं होऊन, आणि पावसाळ्यात वाटाड्या सोबत घेऊन. वाट हरवली हे कळलं की चालत राहायचं नाही. शेवटची ओळखीची जागा आठवून तिथवर परतायचं, तेही जमत नसेल तर अंधार पडायच्या आत आडोसा शोधून एकत्र बसायचं. माणसं दगावतात ती बहुतेक वेळा हरवल्यानंतरच्या धडपडीत.

वीज

पावसाळा लागण्याआधी, काजव्यांसाठी भंडारदऱ्याला गर्दी होते त्या दिवसांत, आणि पुन्हा परतीच्या पावसात विजांचा जोर असतो. कळसूबाई आजूबाजूच्या साऱ्या मुलखाहून उंच, वरच्या टप्प्याला लोखंडी शिड्या, आणि रविवारी त्या शिड्यांवर रांग. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची तुमच्या माथ्यावर पडू शकते. शिडीवर चढायचं नाही, वर असाल तर रेंगाळायचं नाही. एकट्या झाडाखाली, कपारीच्या तोंडाशी, रेलिंगला धरून थांबू नये. एकमेकांत अंतर ठेवून खाली उतरावं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं 'दामिनी' हे अ‍ॅप जवळपासच्या विजांची सूचना देतं, ते निघण्यापूर्वी मोबाइलमध्ये असावं. पण वर रेंज जाते, म्हणून कान आणि घड्याळ यांची सवय हवीच.

निर्णय कुठे घ्यायचा

कड्याखाली भिजून उभं असताना माघारीचा निर्णय घेणं फार अवघड असतं. सुट्टी काढलेली असते, गाडीचे पैसे भरलेले असतात, गटातल्या कोणालाच पहिल्यांदा 'परत जाऊ' म्हणायचं नसतं. म्हणून मर्यादा घरीच लिहून ठेवाव्यात. चार दिवसांची बेरीज अमुकच्या वर गेली तर कड्याखालची वाट नाही. नारिंगी इशारा असेल तर मुक्काम नाही, लाल असेल तर निघणंच नाही. दुपारी ठरलेल्या वेळेला जिथे असू तिथून परत. ओढा गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचा नाही. अमुक म्हणजे किती, हे गटाने आपला वकूब आणि निवडलेली वाट पाहून ठरवावं, पण आकडा कागदावर असावा. निघताना तो कागद घरी आणि पायथ्याच्या गावात द्यावा. संकट आलं तर ११२ आणि पायथ्याचं गाव, या दोघांना आधी कळवावं. पहिली मदत जवळजवळ नेहमीच गावातून येते. राज्यातल्या गिर्यारोहकांनी मिळून उभारलेलं रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर बचावपथकं जोडून देतं, पण डोंगरात पोहोचायला त्यांनाही तास लागतात.

पायथ्याच्या माणसाचं ऐकणं हा या सगळ्या आकड्यांइतकाच मोठा आधार आहे. आवणीच्या दिवसांत इरलं पांघरून खाचरात वाकलेल्या महादेव कोळी किंवा ठाकर बाईला विचारा, 'मावशी, वरची वाट कशी आहे?' ती चार दिवसांची बेरीज वहीत मांडत नाही, पण कोणता ओढा कधी भरला, कुठला बांध फुटला, हे तिला ठाऊक असतं. ती नको म्हणाली तर जाऊ नये.

आणि ही विद्या एकतर्फी ठेवू नये. भटका रविवारी घरी परततो, वाडी तिथेच कड्याखाली राहते. माळीण आणि इर्शाळवाडीत गेले ते तिथले रहिवासी होते, पाहुणे नव्हते. साधा पर्जन्यमापक काही शे रुपयांत येतो. दर पावसाळ्यात एकेका डोंगरावर दहा-दहा वेळा जाणाऱ्या गटांनी पायथ्याच्या शाळेत तो बसवून द्यावा, मुलांना रोज सकाळी साडेआठला आकडा लिहायला आणि चार दिवसांची बेरीज मांडायला शिकवावं, आणि उतारावर दिसलेली प्रत्येक भेग ग्रामपंचायतीला व तहसील कार्यालयाला लेखी कळवावी. इतकं केलं, तर डोंगर चढण्याची आपली हौस डोंगरात राहणाऱ्यांच्याही कामी येईल.